ज्ञानशोध, ख्रिस्ती जीवनातील

देवावरील श्रद्धा आणि पवित्र शास्त्राचे (बायबलचे) वाचन यांच्या आधारे योग्य निवाडा करण्याची व नीट जगण्याची जाण मिळवण्याची ख्रिस्ती परंपरेतील साधना. कोणत्या प्रसंगी काय बोलावे, पैसा व अधिकार कसा वापरावा, दुःखाच्या काळात देवाशी आणि माणसांशी कसे वागावे, हे कळणे असा येथे ज्ञानाचा अर्थ आहे. या साधनेविषयी एक समज ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर अशा दोन्ही समाजांत आढळतो. शास्त्र हे तयार उत्तरांचे पुस्तक आहे आणि ती उत्तरे न तपासता मान्य करणे म्हणजे श्रद्धा, असा तो समज. परंपरेतला पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. शास्त्राची घडण आणि ते वाचण्याच्या जुन्या पद्धती पाहिल्या, तर शास्त्र वाचकाच्या विवेकाला वळण लावते, श्रद्धा त्याला प्रश्न विचारत राहण्याचे बळ देते आणि वाचन बरोबर झाले की नाही हे त्याच्या वर्तनावरून ठरते, असे म्हणावे लागते.

पहिला पुरावा शास्त्राच्या पोटातच आहे. जुन्या करारातील नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक या पुस्तकांना ज्ञानसाहित्य म्हणतात. कॅथलिक व ऑर्थोडॉक्स परंपरा त्यांत बेन सिरा आणि शलमोनाचे ज्ञान या दोन ग्रंथांची भर घालतात. प्रॉटेस्टंट पंथ त्यांना प्रमाणग्रंथ मानत नाहीत. नीतिसूत्रे हे 31 अध्यायांचे पुस्तक शलमोनाच्या नावावर असले, तरी त्यात हिज्कीया राजाच्या माणसांनी उतरवून घेतलेला भाग आहे, आगूर नावाच्या माणसाची वचने आहेत आणि लमुएल राजाला त्याच्या आईने केलेला उपदेशही आहे. बाविसाव्या अध्यायाच्या मध्यापासून पुढचा एक भाग तर आमेनेमोपे या प्राचीन इजिप्शियन लेखकाच्या उपदेशग्रंथाशी इतका मिळताजुळता आहे, की जर्मन इजिप्तविद्यावेत्ता आडॉल्फ एर्मान याने 1924 मध्ये ते साम्य दाखवून दिल्यापासून त्याकडे दुर्लक्ष करणे अभ्यासकांना शक्य राहिलेले नाही. परक्यांचे चांगले ते पारखून घ्यायला या पुस्तकाच्या संपादकांना संकोच वाटला नाही, हे यातून दिसते. त्याहून बोलका आहे तो सव्विसावा अध्याय. तेथील चौथे वचन मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस असे बजावते. लगेचचे पाचवे वचन उत्तर दे म्हणते. पहिल्याचे कारण असे, की उत्तर देणारा त्याच्यासारखाच होऊन बसेल. दुसऱ्याचे असे, की गप्प राहिल्यास मूर्ख स्वतःला शहाणा समजेल. दोन्ही कारणे खरी आहेत. कोणते वचन आज लागू पडते, हे पुस्तक सांगत नाही. समोरचा माणूस आणि प्रसंग पाहून ते वाचकालाच ठरवावे लागते. ही वचने शेजारी-शेजारी ठेवणाऱ्याला वाचकाचा विवेक जागा करायचा होता, हे उघड आहे.

हीच गोष्ट पुस्तकांच्या पातळीवरही घडते. नीतिसूत्रांचा एकूण सूर असा, की कष्टाळू व नीतिमान माणसाचे भले होते आणि दुष्टाचा नाश होतो. ईयोबाचे पुस्तक या सूत्राला थेट आव्हान देते. ईयोब निर्दोष असून संतती, संपत्ती आणि आरोग्य गमावून बसतो. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे त्याचे मित्र सांत्वनाला येतात आणि दुःख आहे म्हणजे पाप असलेच पाहिजे, असा युक्तिवाद करू लागतात. त्यांच्या बोलण्यातील कितीतरी वाक्ये नीतिसूत्रांत सहज खपली असती. तरीही शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो आणि माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखे यथार्थ बोलला नाही, असा ठपका ठेवतो. देवाला जाब विचारणारा ईयोब बरोबर ठरतो आणि देवाची बाजू घेणारे धर्मनिष्ठ मित्र चूक ठरतात. उपदेशकाचे पुस्तक आणखी पुढे जाते : शहाणा आणि मूर्ख दोघेही मरतातच, मग शहाणपणाचा उपयोग काय, हा प्रश्न ते मिळमिळीत न करता मांडते. यहुदी आणि ख्रिस्ती समाजांनी ही तिन्ही पुस्तके एकाच संग्रहात जपली. केवळ आज्ञाधारक वाचक हवा असता, तर त्यांनी नीतिसूत्रांवर भागवले असते.

यावर पहिला आक्षेप असा, की देवाचे भय हा ज्ञानाचा आरंभ आहे असे नीतिसूत्रांतच म्हटले आहे आणि नव्या करारात प्रेषित पौल करिंथकरांस लिहिताना जगाच्या ज्ञानाला मूर्खपणा ठरवतो. मग बुद्धीला येथे जागा कोठे उरते? आक्षेप गंभीर आहे, पण संदर्भ पाहिला की त्याची धार कमी होते. देवाच्या भयाची आज्ञा स्वतःला शेवटचे प्रमाण मानण्याच्या अहंकाराविरुद्ध आहे. बेन सिराच्या अडतिसाव्या अध्यायात याचा प्रत्यक्ष अर्थ दिसतो. आजारी पडल्यावर प्रार्थना कर, असे सांगणारा हा लेखक त्याच दमात वैद्याला मान दे, त्याला जवळ राहू दे, औषधे देवानेच जमिनीतून निर्माण केली आहेत आणि सुज्ञ माणूस ती नाकारत नाही, असे बजावतो. हे लेखन इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे आहे. पौलाच्या पत्राचा रोखही करिंथमधल्या तटांवर आहे. आपापल्या गुरूच्या वक्तृत्वाचा अभिमान बाळगून एकमेकांना तुच्छ लेखणाऱ्या मंडळीला तो फटकारतो. विचार करणे त्याला नको असते, तर त्याने थेस्सलनीकाकरांस सर्व गोष्टींची पारख करा असे लिहिले नसते. प्रेषितांच्या कृत्यांत तर बिरुया येथील श्रोत्यांची वाखाणणी होते ती ते पौलाचेच बोलणे रोज शास्त्राशी ताडून पाहत म्हणून. याकोबाच्या पत्रात संशय न धरता देवाकडे ज्ञान मागावे, असे आहे खरे. पण तेच पत्र उघड्या व उपाशी भावाबहिणीला नुसत्या शुभेच्छा देणारा विश्वास निर्जीव ठरवते. मागणे निःशंक असावे; मिळालेले मात्र कसोटीला लागते.

वाचनाच्या पद्धतींचा इतिहास हीच दिशा दाखवतो. डोळे मिटून पुस्तक उघडायचे आणि बोट पडेल ते वचन देवाचा कौल समजायचे, ही चाल फार जुनी आहे आणि चर्चने तिचा निषेध केल्यालाही तितकाच काळ लोटला. पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टीनने ऐहिक कामांसाठी शुभवर्तमानांतून असे कौल काढणे आपल्याला पसंत नसल्याचे पत्रात लिहिले. पुढे गॉलमधील आग्द (506) आणि ऑर्लेआँ (511) येथील धर्मपरिषदांनी शास्त्रातून भविष्य पाहण्यावर बंदी घातली. यावर कोणी म्हणेल, की खुद्द ऑगस्टीनचे जीवन 386 मध्ये मिलानच्या बागेत पौलाचे पत्र उघडताच समोर आलेल्या वचनानेच पालटले. तथापि, त्याआधी दोन वर्षे तो बिशप अँब्रोजची प्रवचने ऐकत होता, प्लेटोवाद्यांचे ग्रंथ वाचत होता आणि पौलाच्या पत्रांचाही कसून अभ्यास करत होता. ते वचन एका तयार मनावर पडले. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी केलेल्या नियमावलीत दररोजच्या वाचनाचे तास ठरवून दिले आणि उपवासकाळात प्रत्येकाने ग्रंथालयातून एक पुस्तक घेऊन ते ओळीने, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे, असा दंडक घातला. बाराव्या शतकातील कार्थुसियन मठाधिपती दुसरा ग्विगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या सांगितल्या. त्यापूर्वी कँटरबरीच्या अँसेल्मने आपल्या ‘प्रोस्लोगिऑन’ या ग्रंथाला आधी जे नाव दिले होते, त्यातच समजून घेऊ पाहणारी श्रद्धा ही कल्पना होती. यांपैकी कोणीही झटपट उत्तराचे आश्वासन देत नाही. कोणत्याही तालमीप्रमाणे येथेही रोजची मेहनत आणि वेळ लागतो.

दुसरा आणि सर्वांत बळकट आक्षेप नैतिक आहे. असे मुरलेले वाचकही शास्त्रातून स्वतःला सोयीचे तेच काढतात. अमेरिकेतील गुलामांचे मालक उत्पत्तीच्या पुस्तकातील कनानच्या शापाचा आधार देत. गुलामगिरीविरोधी चळवळही त्याच शास्त्रावर उभी होती. मग शास्त्राने ज्ञान दिले असे कसे म्हणायचे? परंपरेने यासाठी एक कसोटी दिली आहे. ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ हा ग्रंथ ऑगस्टीनने 396 च्या सुमारास सुरू करून 426 मध्ये पूर्ण केला. शास्त्र समजल्याचा दावा करणाऱ्याच्या अर्थाने देवावरील आणि शेजाऱ्यावरील प्रेम वाढत नसेल, तर त्याला शास्त्र समजलेलेच नाही, असे त्यात ठाम मत आहे. या कसोटीवर गुलामांच्या मालकांचे वाचन टिकत नाही. मात्र कसोटी सांगणाऱ्यानेही ती नेहमी पाळली नाही. लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्यात पाहुण्यांना आग्रहाने आत आणण्याची आज्ञा आहे. तिचा आधार घेऊन ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतील मुख्य चर्चपासून फुटलेल्या डोनाटस पंथीयांवरील राजसत्तेच्या जबरदस्तीचे समर्थन केले. त्या समर्थनाचे दुष्परिणाम युरोपने शतकानुशतके भोगले, आणि धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क असल्याचे कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 7 डिसेंबर 1965 रोजी जाहीर केले. एकट्याचे वाचन कितीही विद्वत्तापूर्ण असले तरी चुकू शकते; त्याला इतरांकडून, विशेषतः त्या वाचनाची झळ ज्यांना बसते त्यांच्याकडून, दुरुस्तीची गरज असते. हा दोष झाकण्यासारखा नाही. त्याची दुरुस्ती त्याच शास्त्राच्या अधिक प्रामाणिक वाचनातून होऊ शकली, हेही तितकेच खरे आहे.

मराठीत या साधनेचे दोन ठळक टप्पे आहेत. इंग्लंडमधून आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातील राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या रचनेत श्रोते शंका विचारतात आणि पाद्री उत्तरे देतो. संवादाची ही चौकट श्रोत्याच्या प्रश्नांना मान देते. पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत त्या प्रश्नांना मर्यादा होत्या, हे मात्र विसरता येत नाही. दुसरा टप्पा पंडिता रमाबाईंचा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी अँग्लिकन भगिनी जेराल्डीन यांच्याशी पत्रांतून जो वाद घातला, तो ख्रिस्ती ज्ञानशोधाचा उत्तम दस्तऐवज आहे. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेणार नाही, शास्त्रात स्वतःला दिसेल आणि सदसद्विवेकाला पटेल तेच मानीन, अशी त्यांची भूमिका होती. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. साध्या बायकांना वाचून समजावे, हा त्यामागचा हेतू होता. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले आणि 1924 मध्ये भाषांतर प्रसिद्ध झाले. पाद्र्याने अर्थ सांगावा आणि बाईने ऐकावे ही रीत मोडून प्रत्येकीच्या हाती ग्रंथ देणे, हे त्यांच्या श्रद्धेचे सर्वांत धीट फळ होय.

श्रद्धेने प्रश्न संपतात, ही समजूत ख्रिस्ती परंपरेच्या पुराव्यावर उभी राहत नाही. ईयोब, बिरुयाचे श्रोते आणि रमाबाई श्रद्धावान होते म्हणूनच विचारत राहिले. ज्यांना या मार्गाने ज्ञान हवे आहे, त्यांनी सुटी वचने गोळा करण्याऐवजी नीतिसूत्रे, ईयोब आणि उपदेशक ही तिन्ही पुस्तके सलग वाचावीत, आपला अर्थ दुसऱ्यांपुढे तपासायला ठेवावा आणि त्या अर्थाने दुबळ्याचे काही भले होते का, हे पाहावे. जे वाचन माणसाला अधिक कठोर करते, ते कितीही भक्तिभावाने केलेले असले तरी चुकलेले असते.