प्रस्तरारोहण, सामूहिक उत्सव आणि कड्यांची निगराणी : मावळ परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

पुणे-लोणावळा लोहमार्गावर देहूरोड आणि घोरावाडी या स्थानकांच्या दरम्यान बेगडेवाडी हे लहानसे स्थानक आहे. या परिसरात घोरावडेश्वराचा डोंगर असून त्याच्या कातळात बौद्ध लेणी कोरलेली आहेत. तेथील एका शिलालेखात धेनुकाकट येथील एका शेतकऱ्याच्या पत्नीने दिलेल्या दानाची नोंद आहे. पुढे याच लेण्यांत शिवोपासना सुरू झाली आणि महाशिवरात्रीस आजही येथे भाविकांची गर्दी होते. म्हणजेच मावळातील कातळ हा केवळ निसर्गाचा भाग नसून दोन सहस्रकांपासून समाजाच्या सामूहिक व्यवहाराचा भाग आहे. अलीकडच्या काळात या व्यवहारात प्रस्तरारोहणाची भर पडली आहे. आरोहकांचे सामूहिक उत्सव कड्यांच्या निगराणीस कितपत उपकारक ठरतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निगराणीची मराठेशाहीतील व्यवस्था

मराठ्यांच्या इतिहासात कडा चढणे हे प्रामुख्याने लष्करी कौशल्य होते. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजी मालुसरे यांच्या नेतृत्वाखाली मावळे कडा चढून सिंहगडात शिरले, ही घटना सर्वपरिचित आहे. तथापि चढाईइतकीच महत्त्वाची असलेली बाब, म्हणजे गडाची दैनंदिन निगा, तुलनेने दुर्लक्षित राहिली आहे. गडाच्या पायथ्याशी व उतारावर ‘घेरा’ आणि ‘मेटे’ असत. तेथे राहणारे कोळी, रामोशी, महार आदी समाजांचे लोक वाटा राखत, पहारा करीत आणि त्या सेवेच्या मोबदल्यात त्यांना जमिनीचे हक्क मिळत.

रामचंद्रपंत अमात्य यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात या व्यवस्थेमागील दृष्टी स्पष्ट दिसते. गडावरील झाडे राखावीत, पाण्याची टाकी जपावीत, केरकचरा कड्याखाली न टाकता जागीच जाळून त्याची राख परसातील भाजीपाल्यास घालावी, अशा आशयाच्या सूचना त्यात आहेत. येथे निगराणी ही कोणाची हौस नव्हती. ती नेमून दिलेली जबाबदारी होती आणि तिच्यामागे हक्क होता.

व्यवस्थेचा लोप

मार्च १८१८ मध्ये विसापूर आणि पाठोपाठ लोहगड इंग्रजांच्या ताब्यात गेले. विसापूरची तटबंदी व दरवाजे पाडण्यात आले. गडांचे लष्करी प्रयोजन संपल्यावर घेऱ्यातील लोकांचा गडाशी असलेला सेवेचा संबंधही हळूहळू तुटला. १९०९ मध्ये या दोन्ही गडांना संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे वास्तूला कायद्याचे कवच लाभले खरे. परंतु पायथ्याच्या गावाची भूमिका राखणदाराची न राहता केवळ शेजाऱ्याची राहिली.

आधुनिक आरोहण आणि सामूहिक उत्सव

स्वातंत्र्योत्तर काळात शहरी तरुण सह्याद्रीकडे वळले. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ आणि १९८२ मध्ये पुण्यात ‘गिरिप्रेमी’ या संस्था स्थापन झाल्या. तळेगाव दाभाडे येथे वास्तव्य केलेल्या गो. नी. दांडेकर यांनी आपल्या लेखनाने व भटकंतीने दुर्गप्रेमाची एक पिढीच घडविली. १९७८ मध्ये सुरू झालेल्या पुणे-लोणावळा लोकलमुळे मावळातील गड व कडे सामान्य विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले. खंडाळ्याजवळील नागफणी, म्हणजेच ड्यूक्स नोज, हा कडा आरोहकांचे आकर्षण ठरला.

विखुरलेल्या या मंडळींना एकत्र आणण्याचे कार्य उत्सवांनी व संमेलनांनी केले. मुलुंड येथे २००२ पासून भरणारे गिरिमित्र संमेलन हे त्याचे ठळक उदाहरण होय. गिरिविहारने बेलापूर येथे आरोहण स्पर्धांची परंपरा निर्माण केली आणि २०१६ मध्ये नवी मुंबईत विश्वचषक मालिकेतील स्पर्धा भरली. लोणावळ्यातील ‘शिवदुर्ग मित्र’ ही संस्था दोराच्या साहाय्याने करावयाच्या बचावकार्यासाठी ओळखली जाते. आरोहणातील कौशल्य समाजाच्या उपयोगी कसे पडते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा आहे.

अमेरिकेतील योसेमिटी येथील अनुभवही या संदर्भात उद्बोधक आहे. पोलादी खिळे वारंवार ठोकल्याने तेथील ग्रॅनाइटच्या भेगा विद्रूप होऊ लागल्या. तेव्हा १९७२ मध्ये इव्हॉन शुइनार्ड व टॉम फ्रॉस्ट यांनी, स्वतः अशा खिळ्यांचे उत्पादक असूनही, खडकास इजा न करणाऱ्या साधनांचा पुरस्कार केला. २००४ पासून तेथील आरोहक दरवर्षी एकत्र येऊन सामूहिक स्वच्छता मोहीम राबवितात. आधी आचारसंहिता आणि मग उत्सव, हा तेथील क्रम लक्षणीय आहे.

मावळापुढील प्रश्न

मावळात हा क्रम अधिकच आवश्यक ठरतो. येथील कडे अनेकदा संरक्षित स्मारकाचेच अंग असतात आणि १९५८ च्या कायद्यानुसार स्मारकास इजा पोहोचविणे हा गुन्हा आहे. कातळात बोल्ट ठोकण्याचा निर्णय त्यामुळे एकट्या आरोहकाचा राहू शकत नाही. शिवाय कडा निर्जन नसतो. तेथे आग्या मोहोळे असतात. कड्यांवर घरटी करणाऱ्या भारतीय गिधाडांचा विणीचा हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मार्च असतो. पावसाळा संपल्यानंतरचा आरोहणाचा हंगामही नेमका हाच. उत्सवाची तारीख आणि कडा निवडताना हे भान राखले नाही, तर निगराणीच्या नावाने हानीच संभवते.

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांत मावळातील लोहगड आहे. शेजारचा विसापूर आणि घोरावडेश्वराचा डोंगर मात्र त्या यादीत नाहीत. ज्या डोंगरांना असा मान नाही, त्यांची भिस्त स्थानिक समाजावरच अधिक राहणार, हे उघड आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, सामूहिक आरोहण उत्सव हा निगराणीचा प्रारंभ असू शकतो; पर्याय नव्हे. एका दिवसात गोळा केलेला कचरा ही सेवा खरीच, पण घेऱ्याची व्यवस्था वर्षभर चालत असे आणि ती पायथ्याच्या माणसाच्या हाती होती. म्हणून उत्सवाच्या नियोजनात ग्रामपंचायतीस स्थान असणे, त्यातून होणाऱ्या मिळकतीचा वाटा गावास मिळणे, गावातील मुलामुलींना आरोहणाचे व बचावकार्याचे प्रशिक्षण देणे आणि कडा केव्हा मोकळा ठेवावा याचा निर्णय त्यांच्या संमतीने घेणे, या बाबी अगत्याच्या आहेत. १८१८ नंतर गाव आणि गड यांच्यातील जबाबदारीचे जे नाते तुटले, ते नव्या स्वरूपात जोडण्याची संधी अशा उत्सवांमुळे उपलब्ध होते. परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व प्राणिशास्त्र विभागांनी एकत्रितपणे कड्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम हाती घेतल्यास या प्रयत्नास अभ्यासाचा भक्कम आधार लाभेल.