सागाचा खांब कोणाचा?

गोटूल, म्हणजे गोंड गावातलं तरुण मुलामुलींचं सामाईक घर, उभारायचं तर सागाचे खांब लागतात. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, लेखा गावालगतच्या मेंढ्यातल्या गोंडांनी १९८० च्या दशकात मोडीत निघालेलं गोटूल पुन्हा सुरू करायचं ठरवलं, जंगलातून साग तोडून आणला आणि इमारत उभी केली. गोटुलाला कायद्याची काही हरकत नव्हती; हरकत सागाला होती, कारण साग सरकारी. सरकारी यंत्रणेने ते बांधकाम पाडलं. त्यावर परिसरातल्या बारा गावांनी आपापल्या शिवारात गोटुलं उभारली आणि मग मात्र सरकारने नाद सोडला. व्हेरिअर एल्विन यांचा बस्तरच्या मुरियांवरचा ग्रंथ १९४७ साली आल्यापासून शहरी वाचकाचं गोटुलाबद्दलचं कुतूहल तरुण मुलामुलींच्या रात्रींपाशीच अडकून पडलं आहे. गोटुलात पोरं नाचगाणी शिकतात तशी कामंही शिकतात, गावाची बैठक तिथे बसते, पाहुणा तिथे उतरतो, हे त्या कुतूहलात मागेच राहिलं. गोटुलाच्या या लढ्यातून एक साधी गोष्ट कळते. आदिवासी संस्कृती जपायची भाषा आपण पोशाख, नृत्य, चित्रं यांच्याविषयी बोलतो. पण ती संस्कृती ज्या लाकडाची, बांबूची, मोहाची बनलेली असते त्यावर मालकी कोणाची, हे ठरल्याशिवाय जपणूक म्हणजे केवळ प्रदर्शन होतं.

ही मालकी गेली कशी, ते थोडक्यात पाहू. गडचिरोली हा जुन्या चांदा जिल्ह्याचा भाग. तो स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ साली. इथली बरीच जंगलं इंग्रजी अमदानीत जमीनदारांच्या नावावर होती, तरी घराचं लाकूड, जळण, चराई, बांबू यांची गावाची वहिवाट चालू होती. १९५० च्या कायद्याने मध्यप्रांतातली जमीनदारी-मालगुजारी संपली, जंगल सरकारजमा झालं आणि गावांची वहिवाट निस्तार हक्क म्हणून कागदावर आली. कागदावर आलेला हक्क कागदानेच कमी करता येतो. जंगल संरक्षित, पुढे राखीव होत गेलं तसतसा निस्तार आक्रसत गेला, आणि त्याच जंगलातला बांबू मात्र बल्लारपूरच्या कागद कारखान्याला सवलतीच्या दराने मिळत राहिला. स्वतःच्या कुंपणाला चार बांबू तोडणारा गोंड चोर ठरला. गोंडी परंपरा आधुनिकतेच्या ओघात आपोआप वाहून गेली असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

याच काळात आदिवासींचं भलं करू पाहणाऱ्या संस्थांची कमतरता नव्हती. ठक्करबाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं, आणि त्या धर्तीवर आश्रमशाळा, दवाखाने, वसतिगृहं उभी राहिली. सावकाराच्या पाशातून माणसं सोडवणाऱ्या या कामाला नावं ठेवणं कृतघ्नपणाचं होईल. पण रचना अशी होती की पैसा बाहेरून येणार, विश्वस्त बाहेरचे असणार आणि काय टिकवायचं, काय सोडायचं हेही तेच ठरवणार. गोटुलासारख्या गोष्टी अशा निवडीत कधीच तरल्या नसत्या. स्वातंत्र्यानंतर सरकारने याच साच्यात आपला पैसा ओतला आणि सोबत संग्रहालयं व महोत्सव आणले.

मेंढ्याने वेगळी वाट धरली. तिची सुरुवात एका विरोधातून झाली. इंचमपल्ली आणि भोपालपटनम ही दोन धरणं या भागातली जंगलं आणि गावं बुडवणार होती. १९८४ च्या सुमारास आदिवासी नेते लालश्याम शहा महाराज आणि बाबा आमटे यांच्या साथीने ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं आणि धरणं थांबली. धरण थांबलं तरी जंगल कोणाचं हा प्रश्न उरतोच, आणि त्याच्या उत्तरादाखल गावाने घोषणा केली: ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ घोषणा पुष्कळ गावं देतात. मेंढ्याने तिच्यामागे नियमांची उतरंड रचली. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे, बहुमताने नाही. एखादा विषय अडला की अभ्यासगटात बसून आधी समजून घ्यायचा. मधमाशा न मारता मध कसा काढता येईल, हासुद्धा असाच अभ्यासाचा विषय झाला. फळझाडं तोडायची नाहीत, वणवा लागू द्यायचा नाही, बाहेरच्या कोणाला ग्रामसभेच्या परवानगीशिवाय जंगलातलं काही नेऊ द्यायचं नाही. आणि मजुरीतला दहावा हिस्सा ग्रामकोषात टाकायचा. दात्याची वाट न बघणारा हा निधी प्रत्येक घरातून जमतो, म्हणून त्याचा हिशेब विचारायचा अधिकारही प्रत्येक घराला असतो. गावातले सगळे प्रौढ हेच विश्वस्त. कोणत्याही धर्मादाय नोंदणीत एवढी जबाबदारी लिहून आणता येत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्यामुळे या रचनेला कायद्याचं बळ मिळालं. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला मिळाला. शेजारच्या मारदा गावासह तो देशातल्या अगदी पहिल्या सामूहिक दाव्यांपैकी एक. कायद्यात बांबू गौण वनोपज होता, वन खात्याच्या लेखी तेव्हाही लाकूडच. म्हणून गावाने बांबू विकला तरी वाहतूक परवाना खातं देईना, आणि परवान्याशिवाय ट्रक नाक्यावर अडणार. हा घोळ सुटायला खुद्द केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना २०११ च्या एप्रिलात गावात यावं लागलं. त्यांनी परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं. कोणा अधिकाऱ्याची वाट न पाहता ग्रामसभा आता स्वतःच्या शिक्क्याने माल बाहेर पाठवू लागली. व्यवहार मोठा झाला तसं ग्रामसभेने पॅन कार्ड काढलं, बँकेतून पैसे द्यायला सुरुवात केली. गोंडांच्या ग्रामसभेचं पॅन कार्ड हाही सांस्कृतिक वारसाच आहे, असं मी निःसंकोच म्हणेन.

यावर आक्षेप असा की हे सारं गोंडी नव्हेच. सर्वसहमती विनोबांची, गावाने पुढे केलेलं ग्रामदान विनोबांचं, आणि गावासोबत वर्षानुवर्षं राहिलेले मोहन हिराबाई हिरालाल सर्वोदयी. मग वारसा कोणाचा जपला? आक्षेपात तथ्य आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बसून राहायचं ही रीत गोंडांच्या जुन्या पंचायतीतही होती. सर्वोदयी विचार तिला जवळचा वाटला म्हणून रुजला. उलट जुन्या रीतीत जे नव्हतं तेही आलं. त्या पंचायतीत बायकांना स्थान नव्हतं. नव्या ग्रामसभेत त्या बसू लागल्या आणि दारूचा विषय त्यांनीच लावून धरला. पुरुषांचं एकमत होईना, तेव्हा विषय बरीच वर्षं भिजत पडला. शेवटी ठरलं ते असं की देवाधर्मापुरती मोहाची दारू चालेल, एरवी नाही. १९९३ साली सरकारने अख्ख्या जिल्ह्यात दारूबंदी लावली. तिच्यात देवाची दारू आणि बाजारची दारू हा भेद नाही. परंपरेचं कुठलं अंग ठेवायचं आणि कुठलं टाकायचं, हे ज्यांची ती आहे त्यांनीच भांडून ठरवलं, तर बाहेरून आलेली कल्पनाही त्यांची होते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. मेंढ्यात शंभरेक घरं, जवळजवळ सगळी एकाच समाजाची. अशा गावात एकमत होणारच, दोन-चार जाती आणि पाच हजार वस्तीच्या गावात हे करून दाखवा. हे खरंच कठीण आहे आणि मेंढ्याचा नमुना जसाच्या तसा उचलून चालणार नाही. शिवाय पैसा आला की कंत्राटदार येतो, आणि तेंदूपत्त्याच्या हंगामात हिशेब थकवून गेलेल्या व्यापाऱ्यांचा अनुभव जिल्ह्यातल्या ग्रामसभांना नवा नाही. तरी गडचिरोलीत आज हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे मान्य झालेले आहेत आणि कोरची तालुक्यातल्या ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली आहे, ती तेंदूच्या लिलावात एकेकट्या गावाला सोडत नाही. लहान असण्याची अडचण गावांनी संघ करून सोडवली, बाहेरचा विश्वस्त नेमून नव्हे.

२०१३ साली मेंढा आणखी पुढे गेलं. १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली घरोघरच्या शेतजमिनीही ग्रामसभेच्या नावे करायचा निर्णय त्याने घेतला. हे पाऊल प्रत्येक गावाने उचलावं असं मला वाटत नाही. जंगलावरचा हक्क पुरेसा आहे. आदिवासी संस्कृतीसाठी काही द्यायची इच्छा असलेल्या वाचकाने, संस्थेने किंवा कंपनीने महोत्सवाचा मंडप घालण्याआधी एवढं करावं: त्या गावाचा वनहक्काचा दावा कुठल्या कचेरीत अडला आहे ते विचारावं, आणि त्या दाव्याच्या नकाशाचा आणि मोजणीचा खर्च उचलावा.