हातावरची फुली

गेल्या वर्षीची गोष्ट. शनिवारी रात्री साडेदहाच्या सुमारास मी चिरंजीवांना आणायला सेम्बावांग स्टेशनवर गेलो होतो. वय वर्षं सतरा. अंगात काळा टी-शर्ट, कानांत दडे बसल्यामुळे बोलणं नेहमीपेक्षा दोन पट्ट्या वर, आणि दोन्ही हातांच्या पालथ्या पंजांवर जाड काळ्या मार्करने काढलेल्या दोन ठसठशीत फुल्या! माझ्या पोटात गोळा आला. एखाद्या टोळीची खूण की काय? की आणखी काही, ज्याचं या देशात नावसुद्धा काढायची भीती वाटावी?

"अरे, हे काय?"

"बाबा, दारू नाही, सिगरेट नाही, ड्रग्ज नाही, असा त्याचा अर्थ आहे."

घरी आल्यावर त्याच्या आईने फुल्या दोनदा साबणाने घासल्या आणि तिसऱ्यांदा हात हुंगून पाहिले. पोराचं म्हणणं खरं होतं. मी मात्र पुरता ओशाळलो. ज्या संगीताला मी दोन वर्षं 'धांगडधिंगा' म्हणून दार लावून घ्यायला सांगत होतो, त्याबद्दल मला काडीची माहिती नव्हती. मग हळूहळू वाचलं, ऐकलं, त्याला प्रश्न विचारले. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत या वयाची मुलं आहेत. त्यांच्या आईवडिलांना उपयोग व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम मूळपुरुषाची ओळख. पंक संगीत १९७४ ते १९७७ या काळात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये आकाराला आलं. तिकडे रमोन्स, इकडे सेक्स पिस्टल्स. त्या काळचं रॉक फार श्रीमंत आणि लांबलचक झालं होतं. एकेक गाणं वीस मिनिटांचं, वाजवणारे उस्ताद, ऐकणारे दूर खुर्च्यांत. पंकने सांगितलं की तीन स्वरमेळ येत असले तरी पुरे, उभे राहा आणि वाजवा. पण दोन-तीन वर्षांतच मोठ्या कंपन्यांनी त्याचीही बाजारपेठ केली. फाटके कपडे आणि सेफ्टीपिना दुकानात विकायला आल्या.

ह्याचा राग येऊन अमेरिकेत १९८०च्या आसपास जे उभं राहिलं ते हार्डकोर. कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग आणि डेड केनेडीज, वॉशिंग्टनमध्ये बॅड ब्रेन्स आणि मायनर थ्रेट. कॅनडातल्या डी.ओ.ए. या बँडने १९८१ साली आपल्या रेकॉर्डला 'हार्डकोर ८१' असं नाव दिलं आणि ते बारसं पक्कं झालं. हार्डकोर म्हणजे पंकपेक्षा दुप्पट वेग, निम्मी लांबी आणि नटण्यामुरडण्याला फाटा. मायनर थ्रेटच्या पहिल्या रेकॉर्डवर आठ गाणी आहेत आणि ती सगळी मिळून दहा मिनिटांत संपतात. हे सगळं अनाडी लोकांचं काम, असा माझा समज होता. तोही खोटा ठरला. बॅड ब्रेन्समधले चौघे कृष्णवर्णीय वादक आधी जॅझच्या वळणाचं अवघड संगीत वाजवत होते. अतिवेगातही त्यांची लय तसूभर हलत नाही.

पण खरा फरक वेगात नव्हता, कारभारात होता. वॉशिंग्टनच्या टीन आयडल्स या बँडमधली मुलं शाळकरी वयाची. १९८०च्या शेवटी बँड मोडताना त्यांनी जमलेले पैसे वाटून न घेता त्यातून स्वतःच रेकॉर्ड काढली. त्यातून डिस्कॉर्ड ही कंपनी जन्मली आणि ती आजही चालू आहे. मासिकंही घरचीच. टंकलेखन करायचं, कात्रणं चिकटवायची, झेरॉक्स काढायच्या आणि कार्यक्रमाच्या दारात विकायच्या. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. साठच्या दशकात मराठीत 'असो', 'वाचा' अशी अनियतकालिकं निघालीच होती. प्रस्थापित मासिकं छापत नाहीत तर आपण सायक्लोस्टाइल करू, असं म्हणणारी ती पिढी आणि ही पोरं एकमेकांना लगेच समजली असती.

आता फुलीची कथा. हेच टीन आयडल्स १९८० साली सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेले. मुलं अल्पवयीन, म्हणजे दारू मिळणाऱ्या जागेत शिरायची पंचाईत. तिथल्या लोकांनी तोडगा काढला. मुलांच्या हातावर काळी फुली मारायची, म्हणजे बारवाल्याला कळेल की ह्यांना दारू द्यायची नाही. परत आल्यावर त्यांनी ही युक्ती वॉशिंग्टनच्या क्लबांना सांगितली. थोडक्यात, फुली ही बंदीची खूण होती. पुढे इयन मॅकाय या गायकाने मायनर थ्रेटसाठी 'स्ट्रेट एज' हे गाणं लिहिलं आणि ज्यांना दारू-नशा नकोच होती त्यांनी ती खूण आपणहून मिरवायला सुरुवात केली. आपल्याकडे गळ्यात तुळशीची माळ दिसली की कुणी आग्रह करत नाही. "ते माळकरी आहेत" एवढं म्हटलं की विषय संपतो. फुलीचं काम साधारण तेच.

येथून शाखा फुटत गेल्या. आपल्या गायकीत जशी घराणी तशी इथेही आहेत. फक्त इथलं भांडण आवाज लावण्यापुरतं नाही, जगायचं कसं यावरचं आहे. ढोबळमानाने ओळख करून देतो.

इंग्लंडमध्ये डिस्चार्ज या बँडने १९८२ साली अणुयुद्धाच्या भीतीवर एक अख्खी रेकॉर्ड केली. त्यांच्या ड्रमची धावती चाल इतकी गाजली की तिच्यावरून 'डी-बीट' हा प्रकारच निघाला. त्यात अराजकवाद, प्राणिदया आणि युद्धविरोध मिसळून, जड आणि काळवंडलेला 'क्रस्ट' तयार झाला. वेगाची हौस आणखी वाढली तेव्हा बर्मिंगहॅमकडच्या नेपाम डेथने 'ग्राइंडकोर' केलं. १९८७ सालच्या त्यांच्या 'स्कम' या रेकॉर्डवर तेहतीस मिनिटांत अठ्ठावीस गाणी आहेत आणि त्यांतलं एक जेमतेम सव्वा सेकंदाचं आहे. मी ते ऐकलं. म्हणजे ऐकायला सुरुवात करेपर्यंत ते संपलं होतं.

न्यूयॉर्कचं घराणं वेगळं. रस्त्यावरची, मारामाऱ्या पाहिलेली मुलं. ॲग्नॉस्टिक फ्रंट, क्रो-मॅग्ज हे बँड हेवी मेटलकडे झुकले, चाल मंदावली, घाव जड झाले. इथे आपल्या ओळखीचा एक धागा सापडतो. ज्या लोअर ईस्ट साइड भागात हे संगीत वाढलं, तिथेच १९६६ साली स्वामी प्रभुपादांनी बागेत झाडाखाली कीर्तन सुरू केलं होतं. वीस वर्षांनी, १९८६ साली, क्रो-मॅग्जने रेकॉर्ड काढली तिच्या नावाचा अर्थ होतो कलहाचं युग, अर्थात कलियुग! पुढे शेल्टर आणि १०८ हे बँड तर उघडच कृष्णभक्तांचे. हा '१०८' म्हणजे जपमाळेचे मणी. अमेरिकन मुलं गळा फाडून भगवद्गीतेवर गाताहेत हे चिरंजीवांनी मला दाखवलं तेव्हा मला हसू आलं. पण नशा नको, मांस नको, मन ताब्यात हवं, हे आधीच ठरवलेल्या मुलांना ती वाट जवळची वाटली यात नवल नाही.

उलट दिशेने वॉशिंग्टनमध्येच १९८५च्या उन्हाळ्यात काही जणांना मारामारीचा कंटाळा आला. राइट्स ऑफ स्प्रिंगसारख्या बँडने त्याच जोरात स्वतःच्या दुःखाबद्दल गायला सुरुवात केली. आज मुलं ज्याला 'इमो' म्हणतात त्याचं मूळ तिथे. आणि १९९१च्या सुमारास 'रायट गर्ल' चळवळीतल्या बिकिनी किलने मुलींना पुढे बोलावलं, कारण स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत मुली कायम भिंतीला लागलेल्या असत.

हा दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. या जगात दांडगाई होती. काही स्ट्रेट एजवाले इतके कडवे झाले की दुसऱ्याच्या हातातली सिगरेट पाडू लागले. मुंडण केलेल्या स्किनहेड मंडळींत काही नाझी विचारांचे शिरले. वास्तविक मूळचे स्किनहेड जमैकन संगीताचे चाहते होते. या नाझींच्या विरोधात डेड केनेडीजने १९८१ सालीच गाणं केलं. आपल्या मुलाच्या टी-शर्टवर काय छापलंय हे म्हणूनच वाचता यायला हवं. एक बँड वंशद्वेषी आणि दुसरा वंशद्वेषाशी लढणारा, आणि आपल्याला दोघेही सारखेच टकले दिसतात!

आता आपल्या बेटाकडे येऊ. सेम्बावांग हे नाव आपण घरभाडं आणि शाळा यांच्या संदर्भात घेतो, पण इथे ब्रिटिशांचा नाविक तळ होता. इथली मोठी गोदी १९३८ साली उघडली. तळावर काम करायला केरळातून आणि इतर भागांतून पुष्कळ भारतीय आले. १९६८ साली गोदी सिंगापूरच्या ताब्यात आली आणि १९७१ साली ब्रिटिश गेले. गोऱ्या सैनिकांच्या मुक्कामामुळे आणि १९६१ साली क्लिफ रिचर्ड व शॅडोज इथे वाजवून गेल्यामुळे साठच्या दशकात सिंगापुरात गिटारवाल्या बँडचं पेवच फुटलं होतं.

सत्तरच्या दशकात वारं फिरलं. लांब केसांच्या पुरुषांचं काम सर्वांत शेवटी केलं जाईल, अशा पाट्या सरकारी कचेऱ्यांत लागल्या. १९७२ साली लेड झेपेलिनचा इथला कार्यक्रम केसांपायीच होऊ शकला नाही. अशा शिस्तीच्या देशात पंक कसं रुजलं? पुन्हा झेरॉक्सच्याच वाटेने. १९८५ साली 'बिगओ' हे मासिक घरगुती स्वरूपात सुरू झालं आणि त्याने इथल्या मुलांना एकमेकांचे पत्ते दिले. १९८६ साली अपोझिशन पार्टी हा बँड निघाला. नाव वाचूनच त्यांच्या धाडसाची कल्पना यावी. १९९० साली नाटककार कुओ पाओ कुन यांनी आर्मेनियन स्ट्रीटवरच्या जुन्या वीज उपकेंद्रात 'सबस्टेशन' हे कलाकेंद्र उघडलं आणि त्याच्या मागच्या बागेत या मुलांना हक्काची जागा मिळाली. कुओ स्वतः १९७६ ते १९८० स्थानबद्धतेत होते. ज्यांना कुणी जागा देत नाही त्यांचं दुःख त्यांना ठाऊक असणार. ती इमारत २०२१ साली सबस्टेशनने सोडली. हळहळणाऱ्यांत केवळ नाटकवाले नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे एकमेकांवर आदळत नाचायला, म्हणजे 'स्लॅम डान्सिंग'ला, बंदी आली. मुलं वाजवत होती आणि ऐकणाऱ्यांनी स्वस्थ उभं राहायचं! तरीही स्टॉम्पिंग ग्राउंडसारखे हार्डकोर बँड याच काळात टिकले. रेकॉर्ड घ्यायची तर आपल्याच गावाचं नाव लावणारी 'सेम्बावांग म्युझिक सेंटर' ही दुकानांची साखळी होती. तीही २००९ साली बंद झाली.

इथे एक गोष्ट मला विशेष वाटली. अमेरिकेत प्रत्येक घराण्याला पुरेसे श्रोते होते, म्हणून शाखा वेगळ्या झाल्या, भांडल्या. सिंगापुरात जागा मोजक्या, परवाने अवघड आणि मुलगा अठराचा झाला की लष्करी सेवेत, म्हणजे बँडला दोन वर्षांचं खिंडार. त्यामुळे हार्डकोर, ग्राइंड, इमो, मेटल सगळ्यांना एकाच संध्याकाळी, एकाच ड्रमसेटवर वाजवावं लागलं. तमिळ तरुणांचा 'रुद्र' हा १९९२ सालचा बँड घ्या. ते डेथ मेटल वाजवतात आणि संस्कृत श्लोक व वेदान्त गातात. वर्मरॉट हा २००७ साली निघालेला ग्राइंडकोर बँड बेस गिटारशिवाय वाजवतो आणि २०१७ साली इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवणारा तो पहिला सिंगापुरी बँड ठरला. 'सिअल' हा हार्डकोर बँड तर मलय भाषेतच गातो, आणि गाणारी स्त्री आहे. तिकडे आपल्या मुंबईतही २००५ साली 'स्क्राइब'ने हाच वारसा उचलला. एकूण काय, परक्याचं घेतलं आणि आपल्या भाषेत, आपल्या अडचणींत बसवलं. परदेशात गणपती बसवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला कठीण जाऊ नये.

फुलीच्या प्रसंगानंतर महिन्याभराने मी चिरंजीवांबरोबर एका कार्यक्रमाला गेलो. गाळ्यांच्या इमारतीतली छोटी खोली, कानांत कापूस घातलेला मी एकटाच पन्नाशीचा. चार बँड, चार घराणी. मला आता निदान ग्राइंड आणि हार्डकोर वेगळे कळत होते. ग्राइंडमध्ये शब्द शोधू नयेत. हार्डकोरमध्ये मात्र गायक माइक खाली धरतो आणि पुढची मुलं ओळ पुरी करतात. कीर्तनात टाळकरी करतात तसंच. गर्दीत एक मुलगा पडला. मी धसकलो, पण माझ्या आधी पाच-सहा हात खाली गेले आणि त्याला उभं केलं. शेवटी वाजवणाऱ्यांनीच वायरी गुंडाळल्या, फरशी झाडली, आणि दारावर जमलेले पैसे सर्वांसमोर मोजून गाडीभाडं वाटलं.

संगीत मला आवडलं का? खरं सांगायचं तर अजून नाही. डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दुखत होतं. पण आपण इतक्या लांब येऊन मुलांनी काय करू नये याची यादी त्यांच्या हाती देतो, आणि त्यातल्या निम्म्या गोष्टी माझ्या मुलाने आपल्या आपण, माझ्या धाकाशिवाय, हातावर लिहून घेतल्या होत्या. मी ती लिपी न वाचता घाबरलो, एवढंच.

पुढच्या वर्षी तो लष्करी सेवेत जाईल. त्याचा बँड बहुधा मोडेल. तोवर आमच्या घरी एक तह झाला आहे. रात्री नऊनंतर गिटारला हेडफोन आणि रविवारी सकाळी भीमसेन जोशी. आपल्याही घरातून असा आवाज येत असेल तर दार बंद करायला सांगण्याआधी एकदा विचारून पाहा, "अरे, हे कुठल्या घराण्याचं?" उत्तर लांबेल. तासभर मोकळा ठेवा.