सॅटर्डे नाइट इन बॉम्बे

‘रिमेंबर शक्ती’ या वाद्यवृंदाच्या मुंबईतील मैफलींच्या थेट ध्वनिमुद्रणांचा २००१ मध्ये प्रकाशित झालेला संग्रह.

जॅझ-रॉकमधील ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ गाजवलेले इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांनी झाकीर हुसेन (→ तबला), व्हायोलिनवादक एल. शंकर व घटमवादक टी. एच. विनायकराम यांच्यासह १९७० च्या दशकात ‘शक्ती’ हा गट उभा केला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो ‘रिमेंबर शक्ती’ म्हणून पुन्हा रंगमंचावर आला. नव्या संचात यू. श्रीनिवास (मँडोलिन) आणि विनायकराम यांचे पुत्र व्ही. सेल्वागणेश (खंजिरा) होते. हे ध्वनिमुद्रण डिसेंबर २००० मधील.

रचना चारच, पण विस्तीर्ण. ‘शृंगार’मध्ये शिवकुमार शर्मा यांचे संतूर आहे (→ संतूर). ही रचना आलापाच्या संथ चालीने उलगडते. विजेच्या गिटारला इथे वाट पाहावी लागते. ‘गिरिराज सुधा’त शंकर महादेवन गातात. देवाशीष भट्टाचार्य (गिटार), भवानी शंकर (पखवाज, ढोलक), तौफिक कुरेशी व शिवमणी (तालवाद्ये) हेही सहभागी आहेत. हिंदुस्थानी व कर्नाटक तालपद्धती एका मंचावर आल्याने तालवाद्यांचे सवाल-जवाब हा संग्रहाचा कणा ठरतो (→ जुगलबंदी).

महादेवन पुढे गटाचे सदस्य झाले. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ या संग्रहाला २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला.