बंधुसंघांचे दिवस आणि अमेरिकेतील राष्ट्रीय सुट्ट्यांचा उगम

प्रस्तावना

राष्ट्रीय सुट्टी ही शासनाने ठरविलेली बाब असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील काही महत्त्वाच्या सुट्ट्यांचा इतिहास तपासला असता मात्र निराळे चित्र दिसते. तेथे दिवस आधी पाळला गेला आणि कायदा पुष्कळ नंतर आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दिवस गावोगावी रुजविण्यात बंधुसंघांचा वाटा मोठा होता. स्मृतिदिन, कामगार दिन आणि कोलंबस दिन या तीन उदाहरणांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा विचार केला आहे.

बंधुसंघांचे स्वरूप

बंधुसंघ म्हणजे शपथ घेऊन एकत्र आलेल्या सभासदांची संघटना. फ्रीमेसन संघाच्या धर्तीवर अशा अनेक संघटना अमेरिकेत निघाल्या. त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज, पोस्ट किंवा कौन्सिल अशी नावे असत. दीक्षाविधी, सांकेतिक शब्द आणि मानाचे पट्टे हे त्यांचे बाह्य रूप होते. प्रत्यक्ष कार्य मात्र व्यावहारिक होते. आजारी सभासदाला मदत, मृताची अंत्ययात्रा आणि विधवेला आर्थिक आधार ही कामे शाखा करीत असे. वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची राष्ट्रव्यापी योजना अमेरिकेत १९३५ मध्ये आली, हे लक्षात घेता या कार्याचे मोल कळते.

शाखांची वार्ता स्थानिक वृत्तपत्रांत येई. सभेची वेळ, नवे पदाधिकारी, कोणाचे आजारपण, कोणाचे निधन, सहलीचा दिवस असे तिचे स्वरूप असे. याशिवाय माजी सैनिकांसाठी वॉशिंग्टन येथून १८७७ पासून ‘नॅशनल ट्रिब्यून’ हे पत्र निघू लागले. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या बातम्यांमुळे दूरदूरच्या गावांना एकच तारीख कळत असे.

स्मृतिदिन

यादवी युद्धातील उत्तरेकडील सैनिकांनी १८६६ मध्ये इलिनॉय राज्यातील डिकेटर येथे ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना स्थापन केली. तिचे प्रमुख जॉन लोगन यांनी ५ मे १८६८ रोजी आदेश काढून ३० मे रोजी युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांवर फुले वाहण्यास सांगितले. विधी कसा करावा हे त्यांनी प्रत्येक पोस्टवर सोपविले आणि आदेशाच्या प्रसारासाठी वृत्तपत्रांचे साहाय्य मागितले. अंत्यविधी आणि स्मरण हे शाखांच्या नित्य कार्याचेच अंग असल्याने हा दिवस लवकर रुजला. न्यूयॉर्क राज्याने १८७३ मध्ये त्याला प्रथम मान्यता दिली. १८९० च्या सुमारास संघटनेची सभासदसंख्या चार लाखांवर होती.

तथापि, ही प्रथा लोगन यांच्या आदेशापासून सुरू झाली असे नाही. दक्षिणेतील स्त्रियांची मंडळे १८६६ पासून आपल्या मृतांची स्मृती पाळीत होती. त्याही आधी, १ मे १८६५ रोजी, चार्ल्सटन येथे गुलामीतून नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी २५७ सैनिकांना श्रद्धांजली वाहिली. घोडशर्यतीच्या मैदानावरील छावणीत कैदेत मेलेल्या या सैनिकांना त्यांनी रीतसर पुरले होते. त्या दिवशी सुमारे दहा हजार लोक जमले होते. हा सोहळा घडविणारी कृष्णवर्णीयांची मंडळे स्थानिक होती. देशभर शाखा असलेले संघटन त्यांच्यापाशी नव्हते. दक्षिणेत गोऱ्यांची सत्ता पुन्हा प्रस्थापित झाल्यावर ही घटना विस्मृतीत गेली. इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी ती २००१ च्या आपल्या ग्रंथात पुढे आणली. तत्पूर्वी १९६६ मध्ये शासनाने न्यूयॉर्क राज्यातील वॉटर्लू या गावाला स्मृतिदिनाचे जन्मस्थान ठरविले होते. तेथील पहिला सोहळा चार्ल्सटननंतर एक वर्षाने झाला होता.

कामगार दिन

फिलाडेल्फिया येथील शिंपीकाम करणाऱ्या कामगारांनी १८६९ मध्ये ‘नाइट्स ऑफ लेबर’ हा संघ गुप्त बंधुसंघ म्हणून सुरू केला. पुढे तो उघड कामगार संघटना बनला आणि त्याचे सभासद इतर कामगार मंडळांतही कार्य करू लागले. ५ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या सेंट्रल लेबर युनियनने मोठी मिरवणूक काढली. मिरवणुकीनंतर सहकुटुंब सहल झाली. मिरवणूक आणि सहल हा बंधुसंघांचा परिचित कार्यक्रम होता. त्या दिवशी कामगारांनी रोजंदारी बुडवून तो साजरा केला. ऑरेगॉन राज्याने १८८७ मध्ये या दिवसाला कायद्याने मान्यता दिली. राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी २८ जून १८९४ रोजी, पुलमन येथील संपाचा वणवा रेल्वेभर पसरत असताना, राष्ट्रीय सुट्टीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. पुढील काही दिवसांतच तो संप लष्कराच्या बळावर मोडण्यात आला.

१ मे हा जागतिक कामगार दिनही अमेरिकेतील १८८६ च्या आठ तासांच्या लढ्यातूनच आला. भारतात तो १९२३ मध्ये मद्रास येथे प्रथम पाळला गेला आणि महाराष्ट्रात १९६० पासून त्याच दिवशी महाराष्ट्र दिनही येतो. अमेरिकेच्या शासनाने मात्र सप्टेंबरचा दिवस स्वीकारला. या बंधुभावालाही कुंपण होते. ‘नाइट्स ऑफ लेबर’ने स्त्रिया व कृष्णवर्णीय यांना प्रवेश दिला, परंतु चिनी मजुरांच्या देशप्रवेशबंदीला पाठिंबा दिला.

कोलंबस दिन

न्यू हेवन येथे १८८२ मध्ये धर्मगुरू मायकेल मॅकगिव्हनी यांनी ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ हा संघ कॅथलिक कुटुंबांच्या साहाय्यासाठी स्थापन केला. कॅथलिकांकडे परके म्हणून पाहिले जाण्याच्या त्या काळात कोलंबसाचे नाव घेणे म्हणजे या भूमीवर आपलाही हक्क सांगणे होते. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे जमावाने अकरा इटालियनांची हत्या केली होती, ही पार्श्वभूमी लक्षणीय आहे. संघाने राज्याराज्यांत या सुट्टीचा पाठपुरावा केला. कोलोरॅडोने १९०७ मध्ये ती मान्य केली, १९३४ मध्ये रूझवेल्ट यांनी हा दिवस पाळण्याची उद्घोषणा केली आणि १९६८ च्या कायद्यानुसार १९७१ पासून ती संघराज्याची सुट्टी झाली. मात्र, एका उपेक्षित समाजाला मान देणारा हा दिवस मूलनिवासींना आपल्या विनाशाचा आरंभ वाटतो. बर्कली शहराने १९९२ मध्ये त्याऐवजी मूलनिवासी दिन पाळण्यास सुरुवात केली.

निष्कर्ष

या तिन्ही उदाहरणांत शासनाने दिवस निर्माण केला नाही, तर त्यावर मोहोर उमटविली. त्यामुळे ज्यांच्यापाशी शाखा, निधी आणि वृत्तपत्र होते त्यांची स्मृती राष्ट्राची स्मृती ठरली. ज्यांच्यापाशी ही साधने नव्हती त्यांना वाट पाहावी लागली. टेक्सासमधील गुलामीमुक्तीचा १९ जून हा दिवस कृष्णवर्णीयांनी १८६६ पासून आपल्या बळावर जपला. तेथील ह्यूस्टन शहरात १८७२ मध्ये त्यांनी वर्गणी काढून या उत्सवासाठी दहा एकर जमीन विकत घेतली. संघराज्याची मान्यता त्या दिवसाला २०२१ मध्ये मिळाली. म्हणून राष्ट्रीय सुट्टीचा अभ्यास करताना कायद्याच्या तारखेपाशी न थांबता, त्या तारखेपूर्वी तो दिवस कोणी जपला आणि कोणाचा दिवस मागे राहिला, याचा शोध घेणे अगत्याचे ठरते.