थोड्या मुदतीचा पैसा आणि वऱ्हाड

नाणेबाजार म्हणजे वर्षाच्या आतल्या मुदतीच्या पैशाची देवघेव. आज तेथे ९१ दिवसांची ट्रेझरी बिले चालतात. पूर्वी आपल्या हैदराबादेत बेगमबाजारातले सावकार हुंड्यांवर हेच काम करीत. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवताच मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवशी. माल विकला गेला की हुंडी फिटे.

निजाम सरकारची गरजही वरवर अशीच होती. फौजेचा पगार दरमहा द्यायचा आणि महसूल हंगामात यायचा. वऱ्हाडातील फौजेच्या पगारासाठी विल्यम पामर अँड कंपनी शेकडा सुमारे २५ व्याजाने रक्कम पुरवी. पण खर्चच कायम उत्पन्नाहून जास्त. त्यामुळे मुदत भरली की जुन्या कर्जावर नवे चढे. अखेर १८२३ मध्ये उत्तर सरकार प्रांताची वार्षिक पेशकश इंग्रजांना कायमची सोडून, त्या रकमेतून पामरचे देणे भागवले. पुढल्याच वर्षी ती पेढी बुडाली.

फौजेचा खर्च मात्र तसाच राहिला. आता थकबाकी खुद्द इंग्रजांकडे साचली आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाड त्यांच्या ताब्यात गेले. थोड्या मुदतीच्या पैशावर वर्षानुवर्षांचा खर्च चालवल्याची किंमत अशी एका मराठी मुलखाने चुकवली.