पत्री (सरकार)

पत्री : विशेषण. जुन्या सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिश राजवटीविरुद्ध चाललेले प्रतिसरकार लोकांच्या तोंडी ‘पत्रीसरकार’ झाले. त्यातले हे पहिले पद. गणपतीला किंवा हरतालिकेला वाहतात ती पत्री वेगळी; ते नाम आहे.

व्युत्पत्ती दोन सांगतात. एक, ‘प्रति’चा अपभ्रंश : ‘प्र’मधला रकार पुढे सरकून ‘ति’ला चिकटला की ‘पत्री’ होते. दुसरी, बैलांच्या खुरांना ठोकतात त्या लोखंडी पत्र्यांवरून. फितूर, गावगुंड, दरोडेखोर सापडला की त्याचे पाय बांधून तळव्यांवर काठीने मार देत. नंतर काही दिवस त्याला धड चालता येत नसे. या शिक्षेला ‘पत्र्या मारणे’ म्हणू लागले. पुढे माणसाच्या तळपायाला खरोखरच पत्रे ठोकतात अशी आवई उठली. कार्यकर्त्यांच्या सांगण्यात मार येतो तो काठीचाच. पण आवईने दरारा वाढला, आणि ती खोडून काढायची घाई कोणाला असणार? नाव ‘प्रति’वरून आले आणि पत्र्यांच्या धाकाने टिकले, असे मानणे सयुक्तिक वाटते.

इंग्रजी ग्रंथांत याला ‘पॅरलल गव्हर्नमेंट’ म्हणतात. ‘पॅरलल’ मूळचा ग्रीक, अर्थ ‘एकमेकांच्या शेजारी’. मराठीत त्याचेच ‘समांतर सरकार’ झाले. हे विशेषण तोकडे आहे. समांतर रेषा कधी भेटत नाहीत; इथे तर ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराची रक्कम नेणारी रेल्वे लुटली गेली आणि १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याकडचा सरकारी खजिना. कुंडलला जी. डी. बापू लाड यांची तुफान सेना, म्हणजे प्रतिसरकारचे सशस्त्र दल, कवायत करीत होती ती शेजारधर्मासाठी नव्हे. ‘समांतर’ शोभते ते गावोगावच्या न्यायदान मंडळांना, फार तर हुंड्याविना, थोडक्या खर्चात लागणाऱ्या गांधी लग्नांना. विरोध आणि पर्याय हे दोन्ही अर्थ पेलतो तो ‘प्रति’च.

नोंदीतला ‘सातारा’ आजच्या नकाशावर शोधू नये. १९४९ मध्ये त्या जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. नाना पाटलांचे येडेमच्छिंद्र, प्रतिसरकारातल्याच नागनाथअण्णा नायकवडींचे वाळवा आणि तेव्हा औंध संस्थानात असलेले कुंडल ही तिन्ही गावे आज सांगली जिल्ह्यात आहेत.